ओटीपी गोव्याला जातो

"घरात स्मार्टफोन आहे का?" हा प्रश्न आरोग्याच्या प्रत्येक सर्व्हेत असतो, आणि सगळ्यांत निरुपयोगी तोच. उत्तर बहुतेक घरांत "हाय की" असंच येतं. पण फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो? सिम कुणाच्या नावावर आहे? रिचार्ज कधी संपला? आधारला जोडलेला नंबर हाच की तीन वर्षांपूर्वी हरवलेला? आणि ओटीपी येतो तेव्हा फोन घरात असतो की गोव्यात? एवढं सगळं त्या एका "हाय की"च्या पोटात दडलेलं असतं. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांतून गोव्याला कामाला जाणारे पुष्कळ. बायकोच्या आधारला नंबर नवऱ्याचा. ती सरकारी दवाखान्यात खिडकीपुढं उभी, आणि ओटीपी पोचतो म्हापशाला, स्लॅब पडत असताना. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. नवऱ्यानं फोन उचलायचा, मेसेज शोधायचा, सहा आकडे वाचून दाखवायचे, खिडकीतल्या माणसानं ते टाकायचे. मागं रांग.

मोबाईलवरनं दवाखान्याचं काम करताना माणसं कुठं अडतात, याचा अभ्यास बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात जे पीअर रिसर्चर म्हणून करताहेत किंवा करणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्या गावातल्या अडचणीचा अभ्यास करायचा, त्याच गावातल्या माणसानं प्रश्न ठरवायचे, माहिती गोळा करायची आणि अर्थही लावायचा, असं हे काम. गावात तुम्हाला "सर्व्हेवाली" किंवा "सर्व्हेवाला" म्हणणार, त्याला इलाज नाही. पण बाहेरच्या सर्व्हेवाल्याला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसतं, म्हणून तर तुम्हाला घेतलंय. तेव्हा नुसतं विचारू नका, माणूस ते काम करताना बघा. कुठल्या पायरीवर अडलं तेवढं नीट लिहिलं तर निम्मं काम झालं.

कार्ड म्हणजे कुठलं कार्ड

आधी शब्द. "डिजिटल आरोग्य सेवा" हा शब्द कुणाच्याच तोंडात नाही. "मोबाईलवरनं दवाखान्याचं काम" म्हटलं की कळतं. नेटवर्कला रेंज म्हणा. "लिंक" जपून वापरा: आधारला बँक लिंक केली तीही लिंक, आणि व्हॉट्सॲपवर येते तीही लिंक. "लिंक आलती का?" या प्रश्नाला मिळालेलं "होय" कशाबद्दल आहे ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यांत घोटाळा "कार्ड" या शब्दाचा. घरात रेशन कार्ड असतं, आधार असतं, आयुष्मान असतं, आभा असतं, आणि गरोदर बाई असेल तर तायी कार्ड. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई, पण मराठी कानाला ते ताई कार्डच ऐकू येतं. आभा हा १४ आकडी नंबर. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला. त्यानं फुकट उपचार मिळत नाहीत; तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या एका ओळखीखाली जोडायची ती सोय आहे, आणि घ्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. पैशाचं काम करतं ते दुसरं कार्ड. कर्नाटकात केंद्राची आणि राज्याची योजना २०१८ मध्ये आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक म्हणून एकत्र झाली. त्यात बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि एपीएलवाल्यांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या आत. दोन्ही नावांत "आयुष्मान" असल्यानं माणसं आभाचा कागद लॅमिनेशन करून जपून ठेवतात आणि ऑपरेशनच्या वेळी तोच पुढं करतात. म्हणून "आयुष्मान कार्ड आहे का?" असं विचारायचंच नाही. "दवाखान्यात दाखवता ती सगळी कार्डं जरा बाहेर काढता काय, आक्का?" असं म्हणायचं, बघायचं, कुठली आहेत त्यावर खूण करायची आणि नंबर अजिबात उतरून घ्यायचा नाही.

करताना बघणं

घरटी तीन कामं पुरतात. पहिलं, जवळच्या सरकारी दवाखान्यात क्यूआर कोड लावला असेल तर फोननं तो स्कॅन करून केसपेपरचं टोकन घेणं. हे खिडकीजवळच बघायचं, घरी नाही. दुसरं, ई-संजीवनीवर, म्हणजे फोनवरून डॉक्टरला दाखवायच्या सरकारी सेवेवर जाऊन मोबाईल नंबर टाकणं आणि लॉगिनपर्यंत पोचणं. तिथंच थांबवायचं. आजार नसताना पुढं गेलात तर एका खऱ्या पेशंटची पाळी तुम्ही खाल्लीत. तिसरं काम दिसायला सोपं, पण त्यातून कळतं सगळ्यांत जास्त: आरोग्य खात्याकडून आलेला शेवटचा मेसेज शोधून, त्यात काय लिहिलंय ते सांगणं.

फोन त्यांच्याच हातात, तुमचे हात मागं. हे वाटतं तितकं सोपं नाही. समोर शेजारची मावशी बोट चुकीच्या जागी ठेवते आणि आपलं बोट आपोआप पुढं जातं. गेलंच तर कितव्या मिनिटाला आणि कशासाठी गेलं ते लिहा, लपवू नका. प्रत्येक पायरीपुढं तीनपैकी एक अक्षर: "स्व" म्हणजे स्वतः केलं, "सां" म्हणजे तोंडी सांगितल्यावर केलं, "दु" म्हणजे दुसऱ्यानं करून दिलं. दुसरा कोण तेही लिहा. मुलगा, नातू, आशाताई, झेरॉक्सवाला, ग्रामवनवाला (ग्रामवन म्हणजे गावातलं सरकारी कामांचं केंद्र). शेवटचे दोघे पैसे घेत असतील तर किती ते विचारा. घड्याळ लावून १२ मिनिटं द्या. त्यापुढं माणूस घामाघूम होतो आणि आपल्याला नवं काही कळत नाही.

अडलेल्या जागेसाठी आधीच ठरवलेले शब्द हवेत, नाहीतर दहा जण दहा तऱ्हेनं लिहितात. आमच्याकडं हे टिकले: रेंज, रिचार्ज, फोनमध्ये जागा नाही, लिपी, ओटीपी, नाव किंवा जन्मतारीख, भीती, सर्व्हर, आणि "खिडकीवर नको म्हणाले". जागा नसणं हे कारण कागदावर क्षुल्लक दिसतं, पण ते हमखास भेटतं. स्वस्तातला फोन, त्यात सुप्रभातच्या फुलांचे हजारभर फोटो, ॲप उतरणार कुठं? आणि "खिडकीवर नको म्हणाले" वेगळं लिहिलं नाही तर तो सगळा दोष माणसाच्या अडाणीपणावर जातो.

अडाणी हा शब्द तर फॉर्मवर नकोच. या भागात पन्नाशीची बाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली असते, पोथी घडाघडा वाचते, पेपर वाचते. तिला मेसेज येतो कन्नड किंवा इंग्रजीत. फॉर्मवर तिला "वाचता येत नाही" म्हणून टाकलं की चूक झाली. तिला वाचता येतं, मेसेज तिच्या लिपीत नाही. म्हणून जाड कागदावर एकच वाक्य तीन लिपींत छापून न्या, "उद्या सकाळी ९ वाजता लसीकरण आहे" इतकं साधं, आणि कुठलं वाचता येतं ते बघा. घरातली शाळकरी नात कन्नड वाचते, म्हणून आजीचे मेसेज तीच वाचते. आजीच्या अंगावरून जाण्याच्या तपासणीचा मेसेजही तीच वाचते. हे लिहायला फॉर्ममध्ये जागा ठेवा.

नावांचा गुंता

आधार, रेशन कार्ड आणि दवाखान्यातलं नाव जुळलं नाही की काम थांबतं. इथं ते न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. मराठी नाव कन्नड कीबोर्डवरून चढतं आणि तिथून इंग्रजी होतं. "महादेव"च्या शेवटी इंग्रजीत एक ए चिकटतो. "विठ्ठल"मधला एच कधी असतो, कधी नसतो. "लक्ष्मी" एका कागदावर एक्स घालून, दुसऱ्यावर केएसएच घालून. "कृष्णा" आपण क्रु म्हणतो म्हणून एका ठिकाणी यू, दुसरीकडं आय. परशराम आणि परशुराम ही तर घरातल्यांच्या लेखी एकच व्यक्ती, कॉम्प्युटरच्या लेखी दोन. लग्नात जिचं नाव बदललं तिचं आधार माहेरच्या नावाचं, रेशन कार्ड सासरच्या, मतदान ओळखपत्रावर तिसरंच काहीतरी.

जन्मतारखेचंही तसंच. जुन्या आधारवर कित्येकांचं नुसतं जन्मवर्ष आहे. शाळेत गेलेल्यांची तारीख १ जून, कारण मास्तरांनी शाळा सुरू व्हायचा हंगाम धरून ती टाकली. न गेलेल्यांची १ जानेवारी. एकाच माणसाच्या दोन कागदांवर या दोन तारखा सापडल्या तर नवल नाही.

तुमचं काम फक्त "जुळतं", "जुळत नाही" आणि "कशात" एवढं लिहिणं. दुरुस्ती सांगायला लागलात की अर्धा दिवस त्या घरात जातो आणि पुढच्या घरी तुम्ही आधार केंद्रवाले म्हणून पोचता. मोबाईल नंबर आधार केंद्रात जाऊन, अंगठा देऊन बदलता येतो, पोस्टमनकडूनही ते होतं, एवढं छापलेलं चिटोरं जवळ ठेवा आणि काम संपल्यावर द्या. निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायकांच्या आणि ऊसतोडीवाल्यांच्या बोटांचे ठसे उठत नाहीत, ही तक्रार येणारच. डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे. ती त्या केंद्रावर कुणी करून दिली का, एवढं विचारा.

रेंज गावते ती जागा

खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या पट्ट्यात आणि २०११ मध्ये अभयारण्य झालेल्या भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळी, कृष्णापूर अशा गावांत "रेंज आहे का?" हा प्रश्नच चुकीचा. "रेंज कुठं गावती?" असं विचारा. उत्तर एखादी टेकडी, देवळाचा कट्टा किंवा ठरावीक झाड. घरापासून तिथपर्यंत पावलं मोजा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं जवळ ठेवा, आणि एकाच जागी सकाळी, दुपारी व संध्याकाळी बघा. मग त्या कट्ट्यावर उभं राहून विचार करा: डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचं तर ते इथं, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर. पांढरं जातंय हे बाई इथं कसं सांगणार? रेंज मिळाली म्हणजे सेवा मिळाली असं फॉर्मवर जे होतं, ते इथं खोटं ठरतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरची बॅटरीही बसते. म्हणून एक फेरी जुलै-ऑगस्टमध्ये आणि एक उन्हाळ्यात, दोन्ही कराच. नुसत्या मार्चमधल्या फेरीवरून कणकुंबीबद्दल लिहिणं म्हणजे मलप्रभा उन्हाळ्यात बघून पुराचा अंदाज बांधणं. जुलैत रोप लावणीमुळं माणसं दिवसा घरी नसतात. ऊसपट्ट्यात, म्हणजे चिक्कोडी, अथणी, कागवाडकडं, गळीत हंगाम टाळा. विडीच्या घरात बाई हजार विड्यांच्या हिशेबावर पैसे मिळवते. तुमचा अर्धा तास तिच्या मजुरीतून जातो. तिचे हात चालू असताना बोला आणि मोबदल्याची तरतूद असेल तर पूर्ण द्या.

साध्या बटणाच्या फोनला विसरू नका. १०८, १०४, मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून असलेला टेली-मानसचा १४४१६, हे सगळं त्यावर चालतं. कुणी फोन केला होता, पलीकडून कुठल्या भाषेत उत्तर आलं, मराठीत बोलल्यावर पुढं काय झालं, हे विचारा. स्वतः चाचणी म्हणून १०८ ला फोन करू नका, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

भावकी, सासू आणि ओटीपी

आपल्याच गल्लीत मुलाखत घेऊ नका. तुमचा फायदा ओळखीचा, धोकाही ओळखीचाच. टीबी, पाळणा लांबवायचं साधन, डोक्याचं औषध, यातलं काही तुम्हाला कळलं की ते भावकीत गेलं असंच समोरची धरून चालते, तुम्ही कितीही पोटात ठेवलं तरी. दोन गावांच्या जोड्या करा आणि अदलाबदल करा: भाषा तीच, नातं नाही. ज्या गावात कन्नड, कोंकणी किंवा दख्खनी बोलणारी घरं आहेत तिथं ती भाषा घरात बोलणारा जोडीदार हवा. मोडकंतोडकं कन्नड येतं म्हणून भागवू नये. सुनेशी बोलताना सासू येऊन बसणार. तिला उठ म्हणता येत नाही. त्याच वेळी जोडीदारानं सासूची वेगळी मुलाखत घ्यायची, दुसऱ्या खोलीत. तिलाही बोलायचं असतंच.

ओटीपीबद्दल माणसं विचित्र कोंडीत असतात. बँक सांगते कुणाला सांगू नका, खिडकीवरचा म्हणतो लवकर सांगा. "भीती" असं लिहिलेल्यांत या कोंडीतले बरेच असतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तुमच्यापुढं ओटीपी मोठ्यानं वाचायला लागले तर थांबवा आणि तोंड दुसरीकडं करा. आधारचा फोटो नको, स्क्रीनशॉट नको. आवाज रेकॉर्ड केला तर तो कामासाठी दिलेल्या फोनवर, त्याच दिवशी जमा करून पुसायचा.

संमतीचा कागद मराठीत हवा, वाचून दाखवायचा. सही येत नसेल तर अंगठा आणि कामाशी संबंध नसलेला साक्षीदार, असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, मुलाचा होकार वेगळा. एक वाक्य ठळक हवं: "यातून कार्ड किंवा पैसे मिळणार नाहीत." बेळगाव जिल्ह्याला वैद्यकीय संशोधन नवं नाही, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव गोळीनं कमी होतो का, याचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथल्याच खेड्यांतल्या १६२० बायकांवर झाला. ज्या गावांना असल्या अभ्यासांची सवय आहे तिथं संशोधन म्हणजे काहीतरी मिळणार, अशी अपेक्षा असते.

घरं निवडताना व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. जो ग्रुपवर आहे तो तुमचा प्रश्न नव्हे. आशाताईंच्या यादीतून दर वेळी ठरावीक संख्येनं घरं सोडून पुढचं घर घ्या. बंद घरी तीनदा जा, तिसऱ्यांदा संध्याकाळी सातनंतर. आशाताईंशीही बोलायचं, पण नर्सबाई आणि डॉक्टर जवळ नसताना. निम्म्या गावाचं ॲप त्याच असतात: स्वतःचा फोन, स्वतःचा रिचार्ज, चार घरांचे ओटीपी. एकच मोबाईल नंबर पाच आभांना जोडलेला दिसला तर चूक म्हणून खोडू नका, कुणाचा नंबर आहे ते विचारा.

सीमेपलीकडची फाईल

निपाणीची माणसं कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातात, खानापूरची गोव्याला बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला. त्या वादात तुम्ही पडायचं नाही. पण कुठल्या राज्यात उपचार, कुठल्या कार्डावर, आणि रिपोर्ट परत कसे आले, हे तीन रकाने हवेतच. बहुतेक घरांत उत्तर म्हणून साडीच्या दुकानाची पिशवी पुढं येते: एक्स-रे, चिठ्ठ्या, बिलं, सगळं त्यात. पिशवी कुणाकडं असते, ती न्यायची राहिली तर काय झालं, ते विचारा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकात ठरवून करायच्या उपचारासाठी सरकारी दवाखान्याची शिफारस लागते आणि तातडीच्या वेळी लागत नाही, हे ठाऊक नसल्यानं कुणाला परत यावं लागलं का, तेही.

तीन आठवड्यांनी त्याच घरी परत जा. पहिल्या वेळी ज्यांनी आभा काढलं किंवा लॉगिन केलं, त्यांना पुन्हा उघडून दाखवायला सांगा. नंबर कुठं लिहून ठेवलाय बघा. कॅलेंडरच्या मागं, रेशन कार्डाच्या प्लास्टिकवर, की कुठंच नाही. सिम तेच आहे का विचारा. त्या दिवशीचं "स्व" आज "दु" झालं असेल तर दोन्ही नोंदी ठेवा, जुनी खोडू नका. आणि जे सापडलं ते एका पानावर, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीत आणि पंचायतीत न्या. मागणी लहान ठेवा: क्यूआर उन्हातल्या भिंतीवरून आत आणा, बिनफोनच्या पेशंटसाठी एक खिडकी ठेवा, मेसेजची मराठी प्रत फलकावर चिकटवा.